नातं घरचं, मोजमाप चोख

(१९८८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला "कुटुंबाचा धंदा आणि त्यातला दर्जा" यावर बोलायला सांगितलं. आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत, बँकेत मोठ्या पदावर गेलेले आहेत, दोघं परदेशातून आले आहेत. त्यांच्यात मी गच्च्यांचं गळणं थांबवणारा. मी म्हटलं, बोलेन, पण मला फक्त कोब्याबद्दल बोलता येतं. ते म्हणाले, चालेल, निम्म्या वर्गाच्या गच्च्या गळतायत.

आमच्या घरात हे काम तीन पिढ्यांचं. आबा जांभ्याच्या चिऱ्याचं बांधकाम करणारे गवंडी. अण्णांच्या काळात चिपळुणात स्लॅब आले आणि स्लॅबबरोबर गळतीही आली. कौलं फुटली तर माणूस वर चढून बदलतो, पण स्लॅब गळायला लागला की पाणी शिरतं एकीकडे आणि उतरतं भलतीकडे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुण्यात त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. तिकडे दहा वर्षं खपून जाणारं काम इकडे पहिल्या जुलैत उघडं पडतं. म्हणून तर कोकणात लाखो रुपयांचा स्लॅब टाकायचा आणि त्यावर पुन्हा पत्र्याची शेड उभारायची, अशी पद्धत पडली. आज हा धंदा मी, माझा मोठा भाऊ म्हणजे आमचा दादा आणि दादाचा मुलगा असे तिघं बघतो. हिशेब वहिनीकडे.

आमच्या कामात दिसणारा भाग फार थोडा असतो. गच्चीवर तुम्हाला वरचा गिलावा आणि त्यावर दोरीने मारलेली चौकडी दिसते. तिच्याखाली विटांचे तुकडे आडवे टाकलेत की उभे लावलेत, लावण्याआधी ते भिजवले होते का, सांधे मालाने पुरे भरले का, खालचा स्लॅब खरवडून धुतला होता का, हे एकदा झाकलं की संपलं. ढाळ शंभराला एक, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच. हा सव्वा इंच डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर दिसतो.

इथे विज्ञानाच्या सरांची आठवण काढतो. आपल्या प्रयोगशाळेत काचेचं मोजपात्र होतं. तसंच एक मी साइटवर ठेवतो. वाळू थोडी ओली असली की फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असली तर बारीक वाळूचं आकारमान पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. म्हणजे फर्मा भरून मोजलेली वाळू प्रत्यक्षात कमीच पडते, माल नको तेवढा सिमेंटचा होतो आणि सुकताना तडकतो. मोजपात्रात वाळू भरायची, वर पाणी ओतून ढवळायची. वाळू खाली बसली की किती फुगली होती ते कळतं. पाच मिनिटांचं काम आहे. आमचे गवंडी आधी हसायचे, आता तेच विचारतात, "बाटली कुठाय?"

पाण्याचंही तसंच. काँक्रीट ओतायला सोपं जावं म्हणून पाइप धरून पाणी सोडतात. माल छान पसरतो आणि तेवढाच कमजोर होतो. साधा हिशेब सांगतो. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी, त्यातही वाळूत आधीच असलेलं पाणी वजा करायचं. आणि नंतर मात्र पाणी मारण्यात कंजूषी करायची नाही. आपल्याकडे काँक्रीटसाठी जे मानक आहे, आय.एस. ४५६, त्यात साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला दहा दिवस ओल ठेवा असं सांगितलंय. कडक उन्हात अनुक्रमे दहा आणि चौदा. बाजारात आज बहुतेक पोती मिश्र सिमेंटचीच असतात, तरी सगळीकडे सात दिवसच चालतात. आमच्याकडे पाणी मारणाऱ्या बाईला गवंड्याच्या हाताखालच्या माणसाइतकाच रोज मिळतो. लोक विचारतात, नुसतं पाणी तर मारते. अहो, कोब्याची ताकद तिच्या हातात आहे.

पण ही सगळी माहिती पुस्तकात मिळते. कुटुंबाच्या धंद्यात अडचण माहितीची नसते. अडचण असते ती घरच्या माणसाला "हे काम चुकलंय" असं सांगण्याची. परक्या ठेकेदाराचं बिल अडवता येतं. घरच्या माणसाबरोबर रात्री एका पंगतीत जेवायचं असतं.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. वहिनीचे भाऊ, म्हणजे माझ्या पुतण्याचे मामा, आमच्याकडे कोब्याची कामं उक्ती घ्यायचे. हात चांगला, माणूस उमदा, पोराला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेला. मे महिन्यात एका मुंबईकराच्या बंगल्याची गच्ची त्यांनी केली. मालकाला गणपती नव्या घरात आणायचा होता. पुतण्या तेव्हा नुकताच डिप्लोमा करून आलेला. आमच्या नियमाप्रमाणे गच्चीचे पाइप बंद करून दोन इंच पाणी भरलं, ७२ तासांसाठी. कठड्याला पेन्सिलने पाण्याची खूण केली. आणि शेजारी एक पाण्याची बादली ठेवली, तिच्यातही आतून खूण.

ही बादली अण्णांची पद्धत. उन्हाने पाणी आटतंच. किती आटलं ते बादली सांगते, कारण बादली गळत नाही. बादलीइतकंच गच्चीचं पाणी उतरलं तर काम पास. जास्त उतरलं तर ते पाणी कुठेतरी गेलंय.

तिसऱ्या दिवशी बादली अर्धा इंच उतरली होती आणि गच्ची सव्वा इंच. खाली छताला डाग नव्हता. मामा म्हणाले, "मे महिना आहे, ऊन आहे, आटलं." पुतण्याने बादली दाखवली. मामा चिडले. "काल-परवापर्यंत चड्डीत फिरत होतास, आता मला कोबा शिकवतोस?" पोराचा चेहरा उतरला, पण तो हलला नाही. त्याने बापाला फोन केला. दादा आणि मी दोघं गेलो.

दादाची अवस्था तुम्ही समजू शकता. एका बाजूला बायकोचा भाऊ, दुसऱ्या बाजूला मुलगा. मालक मुंबईत, त्याला काही कळणार नव्हतं. खाली डाग नाही, पाऊस पंधरा-वीस दिवसांवर. गप्प बसलो असतो तर त्या दिवशी कुणाचंच काही बिघडलं नसतं. दादा गच्चीवर गेला, बादलीत पाहिलं, कठड्याची खूण पाहिली, आणि खाली येऊन एकच शब्द बोलला, "फोडा."

पावसाच्या पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी फोडल्यावर पोकळी सापडली. सांध्यात माल भरायच्या जागी कोरडा राडा लोटला होता. मामांनी स्वतः केलं नसेल. उक्तं काम होतं, माणसं घाईत होती. पण ते झाकलं गेलं होतं, आणि पाणी तिथून कोब्याच्या पोटात साठत होतं. डाग यायला कदाचित ऑगस्ट लागला असता. नेमके गणपतीचे दिवस.

काम आमच्या खर्चाने पुन्हा केलं. पुतण्याने मालकाला फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. आता तुम्हाला वाटेल, मालकाने शाबासकी दिली असेल. त्याने उशीर झाला म्हणून बिलातून अडीच हजार कापले. (हशा) खरं सांगतोय. चांगल्या कामाला बक्षीस मिळतंच असं नाही, हे मुलांना लवकर कळलेलं बरं.

मामा त्यानंतर आमच्याकडे काम करायला आले नाहीत. स्वतंत्र कामं घेतात, बरं चाललंय त्यांचं. त्या वर्षी भाऊबीजेला वहिनी एकटीच माहेरी जाऊन आली. परत आल्यावर तिने हिशेबाची वही उघडली आणि फोडलेल्या कामाचा खर्च माझ्यासमोर मांडला. त्या खर्चाला रकाना होता. घरात जे तुटलं त्याला रकाना नव्हता. मी हे अभिमानाने सांगत नाहीये. दर्जा राखण्याची किंमत पैशात मोजून भागत नाही, एवढंच सांगतोय.

त्या प्रसंगानंतर आम्ही तिघांनी बसून काही गोष्टी कागदावर लिहिल्या. ज्याने काम केलं त्याने तपासायचं नाही; दादाची साइट मी तपासतो, माझी पुतण्या, पुतण्याची दादा. झाकलं जाणारं प्रत्येक काम झाकण्याआधी फोटो, आणि तो त्याच दिवशी मालकाला पाठवायचा. कोपरे, पाइपची तोंडं आणि कठड्याजवळची गोलाई रोजंदारीवर करायची, उक्ती कधीच नाही, कारण गळती बहुतेक तिथूनच होते आणि तिथे घाई परवडत नाही. आणि बिलाचे शेवटचे दहा टक्के आम्ही एक पावसाळा उलटल्यावरच घेतो. या शेवटच्या कलमावर दादा आणि माझं कडाक्याचं भांडण झालं होतं, कारण धंद्यात रोकड लागते. पण ते दहा टक्के अडकलेले असले की आमचीच माणसं जुलैत आपणहून मालकाला फोन करतात, "गच्ची कशी आहे?"

कामं जातात का? जातात. आमचा दर चौरस फुटाला पंधरा-वीस रुपयांनी जास्त पडतो. २०२१ च्या जुलैत पूर आला, बाजारपेठेत घराघरांत चिखल भरला. गणपती पन्नास दिवसांवर. लोकांना लगेच गिलावा आणि रंग करून हवा होता. जांभा पाणी पितो, भिजलेली भिंत सुकायला वेळ लागतो. ओल्या भिंतीवर रंग दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. आम्ही म्हटलं, चुना मारा, दिवाळीनंतर रंग देऊ. बऱ्याच जणांनी दुसऱ्यांकडून करून घेतलं. पुराने आधीच सगळं गेलेल्या माणसाचे पैसे दोनदा खर्च व्हावेत, हे आम्हाला पटलं नाही. त्या वर्षी आमचा धंदा बुडाला नाही, पण वाढलाही नाही.

इथे बसलेल्यांपैकी पुष्कळ जण आता निवृत्तीनंतरचं घर बांधतायत, म्हणून थोडं कामाचं बोलतो. बिल्डरकडून फ्लॅट घेतलात आणि प्रकल्प रेरात नोंदलेला असेल, तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष दाखवला की बिल्डरने तीस दिवसांत तो विनामोबदला दुरुस्त करायचा, असं २०१६ च्या कायद्यात आहे. पण गावाकडे ठेकेदार लावून स्वतःचा बंगला बांधलात तर तिथे हा कायदा येत नाही. तिथे तुम्ही लिहून घेतलेला कागद आणि तुमची नजर, एवढंच. पोत्यावर सिमेंट कोणत्या आठवड्यात तयार झालं ते छापलेलं असतं, ते वाचा. तीन महिन्यांहून जुनं असेल तर परत पाठवा. खाडीची खारी वाळू स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. मीठ सळईला गंज आणतं, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. जुना कोबा गळतोय म्हणून त्याच्यावर दुसरा चढवू नका. कोब्याचं ओझं चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास असतं, आणि स्लॅब दुप्पट ओझ्यासाठी बांधलेला नसतो. आणि पाणी भरून तपासल्याशिवाय फरशी बसवू देऊ नका, ठेकेदार तुमचा सख्खा मेहुणा असला तरी.

शेवटी आपल्या शाळेबद्दल. प्रयोगशाळेची गच्ची गळते, तिच्यासाठी आपली तुकडी निधी गोळा करतेय. दोन-तीन मित्र परवा म्हणाले, "तू आपलाच आहेस, तूच करून टाक, तुझ्यावर काय लक्ष ठेवायचं?" हे प्रेम आहे, मला कळतं. पण अशा प्रेमानेच कामं बिघडतात. तेव्हा विनंती अशी, की तीन ठिकाणांहून दर मागवा. काम ज्याला मिळेल त्याला मिळू दे. मला मिळालं तर दहा टक्के पावसाळा संपेपर्यंत शाळेकडेच ठेवा. आणि तपासणी आपल्यातल्या ज्या दोघांनी सरकारी बांधकाम खात्यात नोकरी केली त्यांच्याकडे द्या. त्यातल्या एकाशी माझं सातवीपासून पटत नाही, म्हणजे तो अगदी योग्य माणूस आहे. (हशा)

बादली मी आणीन. तिच्यातली खूण मात्र तुम्ही करा.