परगावी शिकणाऱ्या मुलामुलींचे एकाकीपण

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की सिंदीच्या रेल्वे स्थानकावर निरोपाचे प्रसंग सुरू होतात. कोणी नागपूरला, कोणी पुण्या-मुंबईला, तर कोणी त्यापूर्वीच कोट्याला गेलेले असते. सोबत खाकऱ्यांचे डबे असतात, ते पंधरवड्यात संपतात. मग तान्हा पोळ्याचा दिवस येतो. येथे मोठमोठ्या लाकडी नंदींची मिरवणूक निघते, आणि पुण्याच्या एका खोलीत येथला मुलगा ती मोबाइलवर पाहत बसलेला असतो. घरून फोन येतो, तेव्हा प्रश्न ठरलेला असतो : "पेपर कसा गेला?" तो "बरा गेला" म्हणतो आणि संभाषण संपते. ताग्याची वरची घडी पाहून आतला डाग कळत नाही, तसेच हे "बरा".

हे दुःख आजचे नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्यांची पदवीच तेवढी आठवली जाते. १८८३ च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, पती गोपाळराव यांना मागे ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. आहार शाकाहारी, स्वयंपाक स्वतःचा, हवा कमालीची थंड. राहण्याच्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा. अशा खोलीत त्यांचा अभ्यास चाले. प्रकृती तेथे आणखी ढासळली.

त्यात भर पडली घरच्या पत्रांची. गोपाळरावांनी त्यांना शिकविले, समाजाचा रोष पत्करला, हे ऋण मोठेच आहे. तथापि त्यांच्या पत्रांतून टोचणी आणि संशयही येई. सातासमुद्रापलीकडे एकट्या असलेल्या मुलीला अशा पत्राने काय वाटले असेल, याची कल्पना करावी. आनंदीबाईंनी त्यांना काही पत्रांतून स्पष्ट उत्तरेही दिली, आणि तो त्यांचा निग्रह विशेष मानला पाहिजे.

त्यांना आधार दिला तो न्यूजर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी. ओळख केवळ पत्रांची. दंतवैद्याच्या दवाखान्यात वाट पाहत असताना एका जुन्या मासिकात गोपाळरावांचे पत्र त्या बाईंच्या वाचनात आले आणि त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना लिहिले. पुढे आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या. धर्म, भाषा, देश यांपैकी काहीही समान नव्हते, तरी मन मोकळे करायला एक जागा मिळाली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पदवीधर झाल्या. क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची रक्षा याच मावशींकडे अमेरिकेला पाठविण्यात आली. रक्ताच्या नात्याबाहेरचे नाते किती दूर जाऊ शकते!

आपल्या समाजाने ही गरज पूर्वीच ओळखली होती. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय १९१५ मध्ये स्थापन झाले, ते परगावच्या विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनाच्या सोयीसाठी. कंदमूळ न खाणाऱ्या, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या मुलाला सामान्य वसतिगृहाच्या मेसमध्ये रोज ताट घेऊन वेगळे बसावे लागते. रात्री आठला सगळे मित्र जेवायला जातात, तेव्हा हा खोलीत असतो. नियम पाळण्याचे बळ घर देते, पण त्या नियमामुळे येणारे एकटेपण घराला क्वचितच दिसते. (मुलाने कधी सवलत घेतली तर त्यावर तासभर प्रवचन देणाऱ्या काकांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.)

घरची आठवण येणे हा आजार नव्हे. पहिल्या सत्रात ती बहुतेकांना येते आणि मित्र जोडले की ओसरते. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास राहणे, झोप व भूक बिघडणे, आवडत्या गोष्टीतला रस जाणे, आंघोळ-अभ्यास जड वाटणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, ही लक्षणे नैराश्याची असू शकतात. त्यावर उपचार आहेत व ते गुणकारी आहेत. ताप आल्यावर डॉक्टरकडे नेणारे पालक येथे मात्र "मन घट्ट कर" एवढेच सांगतात, कारण पुढे सोयरिकीत अडचण येईल ही धास्ती. ही धास्ती अत्यंत महाग पडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या.

मुलगा "जगून काय उपयोग" असे एकदा जरी बोलला, तरी ते थट्टेवारी नेऊ नये. त्याला थेट व शांतपणे विचारावे. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे, अहोरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते. विद्यार्थ्याने स्वतः फोन करावा किंवा पालकांनी करावा, दोन्ही चालते. वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचाही आधार घेता येतो.

नागपूर तर गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. तेथे ज्यांचे आप्त राहतात, त्यांनी येथून गेलेल्या मुलामुलींना महिन्यातून एका रविवारी सूर्यास्तापूर्वी जेवायला बोलवावे, आणि त्या दिवशी परीक्षेचा विषय काढू नये.