कामिनीचा चेहरा
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले व्याख्यान)



यंदाच्या वर्धापनदिनी 'महल' या जुन्या बोलपटातील तीन प्रवेश आपल्या मुली करून दाखविणार आहेत, आणि त्यांची रंगभूषा आपण माझ्याकडे सोपविली आहे. शाळेच्या संमेलनात राम, रावण आणि वानरसेना मी पुष्कळ वर्षे रंगवीत आले. परंतु वानराला शेपूट लावले की निम्मे काम होते; कामिनीला शेपूट नाही. तेव्हा त्या काळी चेहरे कसे रंगवीत, हे आधी नीट पाहावे असे मनात घेतले. मिळाले ते वाचले, जुन्या नट्यांची चित्रे गोळा केली आणि बोलपट मोबाइलवर पाच वेळा पाहिला. पाचव्या वेळी घरातील मंडळींनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले, ते सोडून द्या.

आज हे सारे आपल्यापुढे मांडण्याला एक कारण घडले आहे. कामिनीचे काम जिला दिले ती मुलगी आपल्यापुढे बसली आहे, म्हणून तिचे नाव घेत नाही. ती निवडली गेली त्या दिवशी एक भगिनी अगदी सहज म्हणाल्या, "काम छान करील हो, पण सावळी आहे. भूत दिसायला तिला पुष्कळ पांढरे करावे लागेल." बोलणाऱ्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी जाणते. पण मुलीने ते ऐकले, आणि पुढच्या तालमीला ती गोरे होण्याच्या मलमाची नळी घेऊन आली. अशा एका प्रसिद्ध मलमाच्या नावातून 'गोरे' हा शब्द 2020 साली काढून टाकण्यात आला. तो आपल्या बोलण्यातून अजून निघालेला नाही. तिने मला विचारले, "बाई, एवढ्या दिवसांत होईल का?" तिला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे मी टाळले. आधी पाहू तरी, की कामिनी खरोखरच पांढरी होती काय?

'महल' 1949 साली आला. मुंबईत मालाडला बॉम्बे टॉकीजचा कारखाना होता, त्या संस्थेचा हा बोलपट. दिग्दर्शक कमाल अमरोही यांचे ते पहिलेच दिग्दर्शन. नायक अशोककुमार, आणि कामिनीच्या कामात मधुबाला. मधुबालेचा जन्म 1933 चा. म्हणजे त्या वेळी तिचे वय सोळाच्या घरात होते, आपल्या मुलीएवढेच म्हणा. गोष्ट तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. ओसाड महाल, बुडून मेलेला मालक, त्याची वाट पाहत संपलेली कामिनी. आणि पुष्कळ वर्षांनी तिथे राहायला आलेल्या शंकरला दिसणारी एक बाई. ती झोपाळ्यावर दिसते, नावेत दिसते, आणि जवळ जावे तो नाहीशी होते. शेवटी उलगडा होतो की भूत वगैरे कोणी नाहीच. माळ्याची मुलगी आशा हीच कामिनी बनून वावरत होती.

रंगभूषा करणाऱ्या बाईला ही फार महत्त्वाची बातमी आहे. जिला आपण भूत समजून पीठ फासायला निघालो, ती एका माळ्याची जिवंत मुलगी आहे! बागेत उन्हातान्हात वाढलेल्या पोरीला सफेता चोपडून उभे केले, तर शेवटचा उलगडा प्रेक्षकांना पटायचा कसा? लोक म्हणतील, इतके दिवस ही पोर गिरणीत दळण आणायला गेली होती वाटते.

आता हे पांढरे फासण्याचे वेड आले कोठून? गोऱ्या रंगाची हौस आपल्याकडे जुनी आहे, तिच्याविषयी नव्याने सांगायला नको. परंतु बोलपटांपुरते आणखी एक कारण होते, आणि ते मला ठाऊक नव्हते. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. निळे आकाश तिच्यावर पांढरे उमटे, आणि लाल ओठ काळे ठिक्कर. माणसाच्या कातडीत, मग ती गोरी असो की सावळी, तांबूस छटा असतेच. ती फिल्मला दिसेना, म्हणून चेहरे होते त्याहून काळवंडलेले उमटत. त्यावर उपाय म्हणून नटांना जाड पांढरट लेप देत. म्हणजे खोड फिल्मची होती आणि शिक्षा माणसाच्या तोंडाला! पुढे 1920 नंतरच्या दहा वर्षांत सर्व रंग ओळखणारी फिल्म प्रचारात आली, तेव्हा त्या जाड लेपाचे काम संपले. रंगवणाऱ्यांची सवय मात्र मागे राहिली. आपल्या संमेलनांतून ती आजतागायत आहे.

'महल' या नव्या फिल्मवर घेतलेला आहे. त्याचे छायाचित्रण जोसेफ विर्शिंग या जर्मन गृहस्थांनी केले. ते 1925 च्या सुमारास एका मूकपटासाठी प्रथम हिंदुस्थानात आले, पुढे बॉम्बे टॉकीजचे छायाचित्रकार झाले आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इथेच स्थानबद्धतेत राहिले. सुटल्यावर त्यांनी 'महल' केला. बोलपट पाहताना मी दर वेळी चेहऱ्याकडे पाहत होते. तिसऱ्या वेळेपासून उजेडाकडे पाहू लागले आणि मग कोडे उलगडत गेले. बाईच्या तोंडावर विशेष काहीच केलेले दिसत नाही. भुवया, ओठ, डोळे त्या काळच्या कोणत्याही नटीसारखे. भय आहे ते उजेडात. एका बाजूने प्रकाश, दुसरी बाजू काळोखात बुडालेली, मागे काळी भिंत, हलणारी सावली. तिचे ते गाजलेले गाणे लताबाईंनी गायिले, तेव्हा आवाज दुरून येतो असे वाटावे म्हणून त्या लांबून गात गात माइकजवळ चालत आल्या, असे त्यांनीच पुढे सांगितलेले आहे. आवाजाला जे अंतराने साधले, ते चेहऱ्याला सावलीने साधले. एक गंमत अशी, की त्या गाण्याच्या तबकडीवर गाणारणीचे नाव छापले होते 'कामिनी'! ऐकणाऱ्यांनी विचारणा केली, तेव्हा कोठे खरे नाव लोकांना कळले.

परदेशातही हाच अनुभव. 1931 साली अमेरिकेत 'फ्रँकेन्स्टाइन' निघाला. त्यातील राक्षसाला जॅक पिअर्स नावाचे रंगभूषाकार रोज तासन् तास रंगवीत. पडद्यावर तो राक्षस प्रेतासारखा फिका दिसतो, परंतु त्याच्या तोंडाला लावलेला रंग हिरवट-राखी होता. कृष्णधवल फिल्मवर तोच फिका उमटे. त्याच वर्षीच्या 'डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड' या बोलपटात तर सभ्य गृहस्थाचा चेहरा आपल्या डोळ्यांदेखत बिघडत जातो, आणि कॅमेरा कुठे थांबत नाही. युक्ती अशी: तोंडावर तांबड्या रंगाच्या रेघा आधीच काढलेल्या होत्या. तांबड्या काचेतून पाहिले की त्या दिसत नाहीत. काच बदलली की काळ्या होऊन उमटतात. हे मी घरी करून पाहिले. विजेरीवर लाल पतंगी कागद गुंडाळला, गालावर लिपस्टिकने रेघ ओढली आणि आरशासमोर दिवा मालवून उभी राहिले. रेघ गडप! कागद बदलून हिरवा लावताच ती काळी होऊन पुढे आली. माझी नात किंचाळून बाहेर पळाली, यावरून प्रयोग साधला असे मी धरते. माझा रंगही काही गोरा नाही, हे आपण पाहतच आहात.

आता काळाचा प्रश्न. कामिनी 1949 ची आहे हे विसरून चालणार नाही. एका ताईंनी डोळ्यांच्या कडेला लांब शेपटीसारखी काजळरेघ सुचविली होती. ती रेघ 1960 नंतरच्या नट्यांची. कपाळावर कापलेल्या बटांचेही तेच. 'लव्ह इन सिमला' 1960 साली आल्यावर त्या साधनाच्या नावाने घरोघर गेल्या. दुसऱ्या टोकाला, देविकाराणीच्या 1936 च्या 'अछूत कन्या'च्या सुमारास भुवया धाग्याएवढ्या बारीक कोरीत. 1949 पर्यंत त्या पुन्हा भरल्या होत्या. तेव्हा आपल्या मुलीच्या भुवया आहेत तशाच राहतील, एक केसही उपटायचा नाही. काजळ पापणीच्या कडेपुरते. ओठ गडद, कारण आपल्या डोळ्यांना जुन्या बोलपटातले ओठ तसेच आठवतात. कुंकू लावायचे झाले तर मेणावर, चिकटवायची टिकली नको. लॅक्मे ही कंपनी टाटांनी काढली 1952 साली, म्हणजे तिची डबी आशाच्या फळीवर नको. अफगाण स्नोची चालेल. पाटणवाला यांनी तो मुंबईत 1919 साली काढला होता. पाण्यात स्पंज बुडवून लावायचा पॅनकेक अमेरिकेत 1937-38 च्या सुमारास निघाला, तोच आपण वापरू. मात्र त्वचेच्या रंगाचा. दोन वड्या मिसळून जबड्याखाली लावून पाहिल्या आहेत. मुलीच्या गळ्यात आणि गालात फरक ओळखता येत नाही.

जुन्या रंगांविषयी एक कळकळीची सूचना आहे. पेटीत जुना सफेता, शेंदूर किंवा हिंगूळ कोणाकडे असेल तर तो तोंडाला लावू नये. जुन्या सफेत्यात शिसे असू शकते, शेंदरात शिसे असते, हिंगुळात पारा. देवाला वाहायचे ते देवाला. मुलींच्या ओठांना आणि डोळ्यांना नको. गोरे करणाऱ्या काही मलमांतही पारा सापडलेला आहे, म्हणून ती नळी मी मुलीकडून मागून घेतली. नवा रंग असला तरी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा, आणि काढताना आधी खोबरेल, मग पाणी.

हे उजेडाचे शास्त्र जर्मनीहून आलेल्या गृहस्थांनीच सांगावे असेही नाही. आपल्या जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आपण लहानपणापासून पाहतो. मुखवटा कागदाच्या लगद्याचा किंवा लाकडाचा. तो काही हसत नाही, डोळे वटारीत नाही. पण संबळ वाजू लागतो, टेंभा खालीवर होतो आणि सोंग आपल्याकडे मान वळविते, तेव्हा पोरे आईच्या पदरात तोंड लपवितात. तोच मुखवटा दिवसा ओटीवर ठेवलेला पाहा, कोणी भीत नाही. आणि त्या राक्षसांना कोणी पांढरे केलेले नाही. भडक रंगांनीच ते भिववितात. या मुखवट्यांना घराण्यांचा मान आहे, पूजा आहे. त्यांतला एकही आपल्या खेळात आणायचा नाही, असे मी निक्षून सांगते. टेंभ्याची युक्ती तेवढी उसनी घेऊ. बोहाड्यात देवीचे सोंगही पुरुषच घेतात. आपल्या खेळात मात्र बाईचे काम बाई करणार, हा एक वेगळा आनंद.

तर योजना अशी. मागे काळे घोंगडे. मध्ये जुन्या मच्छरदाणीचे एक पदरी कापड ताणून बांधायचे. पुढून उजेड असला की मच्छरदाणी भिंतीसारखी दिसते. पुढचा दिवा मालवून मागचा लावला की तिच्या पलीकडे बसलेली कामिनी एकदम प्रकट होते, आणि दिवे बदलले की नाहीशी. मुलीने पाऊलसुद्धा उचलायचे नाही. दिवा तिच्या डाव्या अंगाला, डोक्याच्या किंचित वर; खालून नको, खालून उजेड दिला की राक्षसीण होते. शेवटच्या प्रवेशात आशा पुढे येते, तेव्हा सगळे दिवे लावायचे आणि चेहरा आहे तसा दिसू द्यायचा. तांबड्या रेघांचा प्रयोग फक्त महालातल्या दुसऱ्या प्रवेशात. त्यासाठी बॅटरीचे दिवे वापरू, कारण तापलेल्या दिव्यावर पतंगी कागद पेट घेतो, आणि वीज गेली तरी खेळ थांबायला नको.

मुलीला मी परवा हे सारे करून दाखविले. मच्छरदाणीमागे तिला बसविले आणि तिच्या आईला समोर. दिवा लागला तेव्हा आई काही बोलली नाही. नुसती उठून पुढे आली आणि कापडाला हात लावून पाहू लागली. मुलीने आतूनच विचारले, "बाई, पांढरे कधी लावायचे?" म्हटले, "लावून झाले सगळे. आता वाक्ये पाठ कर."

रंगीत तालीम येत्या शनिवारी तिन्ही सांजा झाल्यावर आहे. ज्यांच्याकडे फाटकी का होईना, पण पांढरी मच्छरदाणी असेल त्यांनी धुऊन आणावी, आणि दोघीजणी दिवे धरायला हव्यात. ज्या भगिनी त्या दिवशी पांढऱ्या रंगाविषयी बोलल्या होत्या, त्यांनी एक दिवा स्वतः मागून घेतला आहे. दुसरा कोण धरणार, तेवढे आज ठरवू या.