छाप आणि पारख
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



नोकरीच्या, व्यवसायाच्या किंवा अन्य कोणत्याही कामाच्या निमित्ताने अनोळखी माणसासमोर जाताना आपले दिसणे, बोलणे आणि वागणे कसे असावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. याविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते आढळतात. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, राहणी साधी असावी, कपड्यात काय आहे, माणूस गुणांनी ओळखला जातो. पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षण वर्गांत नेमके उलट शिकविले जाते. तेथे टायची गाठ कशी असावी आणि हस्तांदोलन किती घट्ट असावे यावरच तास खर्ची पडतात. माधवनगर, बुधगाव, सांगली येथून पदवी घेऊन पुण्याच्या एखाद्या कंपनीत मुलाखतीस निघालेल्या मुलाच्या कानावर ही दोन्ही मते एकाच आठवड्यात पडतात. परिणामी तो कोणाचा तरी उसना कोट अंगावर चढवून खुर्चीच्या टोकावर अवघडून बसतो. हातची जागा जाते आणि शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र दारात उभा राहतो. म्हणूनच हा विषय वरवरचा समजू नये.

कापडाच्या व्यापारात ‘छाप’ या शब्दाला जुना आणि नेमका अर्थ आहे. गिरणीतून आलेल्या ताग्याच्या टोकाशी गिरणीचे नाव, कापडाचा प्रकार, लांबी आणि पन्हा यांचा शिक्का असतो. व्यापाऱ्याची नजर प्रथम त्यावर जाते. शिक्का पुसट असेल तर घाऊक बाजारात तो तागा उलगडण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही, मग आतील सूत कितीही उत्तम असो. उलटपक्षी, शिक्क्यावर लिहिलेला पन्हा मापात कमी भरला तर पुढील हंगामात त्या मालाला कोणी हात लावत नाही. माणसाच्या छापेची मर्यादाही एवढीच आहे. तागा उलगडला जावा इतपतच तिचे काम. त्यानंतरची पारख सुताची होते. वडीलधाऱ्यांचे म्हणणे सुताविषयी आहे आणि ते खरेच आहे. परंतु ज्याचा तागा उलगडलाच गेला नाही, त्याला ते सांगून उपयोग नाही.

साध्या राहणीचा विषय निघाला की आपल्या भागात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव हमखास घेतले जाते. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात जन्मलेल्या या महापुरुषाची पांढरी दाढी, खादीचा पोशाख आणि अनवाणी पाय हे चित्र महाराष्ट्राच्या मनावर कोरले गेले आहे. मात्र हा दाखला देताना त्यांच्या पूर्वायुष्याकडे दुर्लक्ष होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणारे भाऊराव त्याआधी विक्री प्रतिनिधी होते. ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरासाठी त्यांनी गावोगाव प्रवास केला. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरते, अशी समजूत सुरुवातीच्या काळात शेतकरीवर्गात होती. अशा शंकेखोर गिऱ्हाइकांच्या मुलखात नांगर विकायचा, तर बोलण्यातला धीर, ऐकून घेण्याची तयारी आणि दिलेल्या शब्दाचे वजन या तिन्हींचा कस लागतो. विक्रीच्या निमित्ताने पायाखाली घातलेला ग्रामीण मुलूख पुढे शिक्षणकार्यात त्यांच्या उपयोगी पडला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. १९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, त्या वेळी त्यांच्या पायात काय आहे हे विचारण्याचे कोणाला कारण उरले नव्हते, कारण काम त्यांच्या आधी पोहोचलेले होते. बाविशीतल्या मुलाजवळ तसे काम अजून नसते. पहिली पाच मिनिटे त्याच्या वतीने त्याचा सदराच बोलत असतो.

कपड्यात काय आहे, हे वाक्यसुद्धा ज्याला परवडते त्यानेच उच्चारावे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांसमोर भाषण केले. त्यात त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचा, स्वच्छ राहण्याचा आणि ओळख पटविणारे जडशीळ दागिने टाकून देण्याचा आग्रह धरला. वस्त्र कोणी कसे नेसावे हेदेखील ज्या समाजरचनेत इतरांनी ठरवून दिलेले होते, तेथे नीटनेटके नेसणे ही माणूसपणाची मागणी होती. अभिजनांना जी हौस वाटते, ती इतरांच्या दृष्टीने हक्काची बाब असू शकते, हे कापड विकणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवलेले बरे.

आता शिष्टाचाराकडे वळू. हा शब्द उच्चारला की काटे-चमचे आणि इंग्रजी बोलणे डोळ्यांसमोर येते. आपल्या पेठांतील जुन्या पेढ्यांवर याहून सूक्ष्म शिष्टाचार नांदत होता, तो मात्र शिष्टाचार म्हणून ओळखला गेला नाही. पावसाळ्यात कवलापूर-बिसूरकडचा एखादा शेतकरी चिखलाच्या पायांनी दुकानाच्या पायरीशी येऊन थबकतो. आत पांढरीशुभ्र गादी अंथरलेली असते. या क्षणी मालकाची नजर त्याच्या पायांकडे गेली, तर तो मनुष्य दोन वार कापड घेऊन निघून जातो आणि पुन्हा येत नाही. जाणता मालक स्वतः गादीच्या कडेला सरकतो, तेथेच त्याच्याशेजारी बसतो, पाण्याचा तांब्या पुढे करतो आणि मग पाऊसपाण्याची चौकशी करतो. यात कोणतेही भाषण नसते, केवळ एका हाताचे सरकणे असते.

याची खरी परीक्षा लग्नाच्या बस्त्याला होते. दोन्ही घरची मंडळी एकाच गादीवर बसलेली असतात. नवरीचा शालू, विहिणीची साडी, करवलीची साडी, मानापानाच्या साड्या, टोपी-टॉवेल, आहेराचे पोशाख अशी लांबलचक यादी असते आणि तिचा भार बहुधा मुलीच्या बापावर असतो. अशा वेळी नवशिका विक्रेता मोठ्याने विचारतो, ‘कितीपर्यंतचे दाखवू?’ प्रश्न व्यवहारी आहे, परंतु चारचौघांत त्या बापाने काय उत्तर द्यावे? कमी आकडा सांगितला तर विहिणीपुढे मान खाली जाते, जास्त सांगितला तर वर्षभर हप्ते फेडावे लागतात. मुरलेला विक्रेता हा प्रश्न विचारतच नाही. तो मधल्या किमतीच्या दोन साड्या प्रथम मांडतो आणि साड्यांऐवजी बापाच्या चेहऱ्याकडे पाहतो. जुन्या दुकानांत चिठ्ठीवर भाव सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची पद्धत होती. तिचा मूळ हेतू खरेदीची किंमत गुप्त ठेवण्याचा असला, तरी तिच्यामुळे गिऱ्हाइकाची झाकली मूठही आपोआप राखली जाई. वरमायने भारी शालूकडे बोट दाखविले आणि बापाचा चेहरा उतरला, तर विक्रेता म्हणतो, ‘वहिनी, नवरीच्या रंगाला हा दुसरा अधिक खुलेल, उजेडात धरून पाहा,’ आणि तो रंग खरोखरच खुलणारा असतो, कारण त्याने तो विचारपूर्वक निवडलेला असतो. आर्ट सिल्कला रेशीम म्हणण्याची त्याला गरज पडत नाही. बस्ता बांधून होतो, बापाची अब्रू राहते आणि पुढे त्याच घराचे बारसे, मुंज, वास्तुशांत अशी प्रत्येक खरेदी त्या दुकानाकडे वळते.

अलीकडे प्रत्येक गल्ल्यावर एक छोटा डबा आला आहे. मोबाईलवरून पैसे जमा होताच तो रक्कम खणखणीत आवाजात जाहीर करतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु बस्त्याच्या वेळी त्याचा आवाज कमी करण्याचे तारतम्य किती दुकानांत दिसते, हा प्रश्नच आहे.

पेढीवरचे हे संस्कार ज्या घरांत आहेत, त्या घरांतील मुलांना मुलाखतीचे भय वाटण्याचे खरे तर कारण नाही. समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखून त्याला अवघडल्यासारखे होऊ न देणे, हेच तेथेही करायचे असते. उरते ती बाह्य तयारी, आणि ती शिकण्यात कमीपणा नाही.

सदरा फिकट रंगाचा, सुती किंवा टेरिकॉटचा, खांद्यात नेमका बसणारा असावा. महाग असण्याची गरज नाही. नवा कोरा सदरा पेटीतून काढून थेट अंगात घालण्याची चूक सर्रास होते. त्याला खळ असते, पेटीतल्या घड्या छातीवर चौकोन काढतात आणि गळपट्टी टोचते. एकदा धुऊन, इस्त्री करून घरी तासभर वापरावा. सांगलीहून पुण्याला जाण्यास पाच-सहा तास लागतात आणि बहुसंख्य मुले रात्रीच्या गाडीने निघून पहाटे उतरतात. मुलाखतीचे कपडे अंगावर घालून हा प्रवास करू नये; ते वेगळे न्यावेत आणि तेथे तोंड धुऊन, दाढी करून मगच बदलावेत. बुटांना पॉलिश प्रवासानंतर करावे, आदल्या संध्याकाळी केलेले पॉलिश स्वारगेटच्या धुळीत टिकत नाही. मुलींनी सलवार-कमीज किंवा साडी, जे सवयीचे असेल ते निवडावे. ज्या साडीत कधी जिना चढून पाहिलेला नाही ती त्या दिवशी नको. अत्तराचा घमघमाट बंद खोलीत त्रासदायक ठरतो. उसना कोट तर टाळावाच. तो दुसऱ्याच्या मापाचा असतो आणि हे घालणाऱ्याच्या आधी पाहणाऱ्याला कळते.

कार्यालयात पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. फाटकावरचा रखवालदार, स्वागतकक्षातील भगिनी, पाणी आणून देणारा शिपाई यांच्याशी बोलताना जो आवाज असेल, तोच आत गेल्यावर असावा. नेमणूक करणारे अनेक अनुभवी अधिकारी नंतर याच मंडळींना विचारतात, ‘मुलगा कसा वाटला?’

हात मिळविण्याविषयी उगाच धास्ती घेतली जाते. ज्या प्रदेशातील बाजारांत रुमालाखाली बोटांनी भाव ठरविणारी हत्ता पद्धत एके काळी रूढ होती, तेथील मुलांना हाताची भाषा शिकविणे म्हणजे गंमतच आहे. कायद्याने ती पद्धत बंद होऊन उघड लिलाव आले, हे योग्यच झाले. हस्तांदोलनासाठी समोरच्याने हात पुढे केला तर कोरड्या हाताने सहज मिळवावा, नाही तर नमस्कार करावा. नमस्कार कोठेही चुकीचा ठरत नाही.

बोलण्यासंबंधी एवढेच सांगावेसे वाटते की, सांगली-मिरजेच्या हेलाची लाज बाळगू नये. हेल माणसाचे गाव सांगतो, त्याची योग्यता सांगत नाही. इंग्रजी येत असेल तेवढेच, छोट्या वाक्यांत बोलावे. प्रश्न पूर्ण ऐकावा, उत्तर पूर्ण करावे आणि जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असे स्पष्ट म्हणावे. शिक्क्यावर पन्हा वाढवून लिहिण्याचा मोह येथेच सर्वाधिक होतो. बायोडाटामध्ये न केलेल्या अभ्यासक्रमाची एक ओळ घुसडली जाते आणि नेमका तिच्यावरच पहिला प्रश्न येतो.

आपल्या मुलामुलींपुढे आणखी एक अडचण असते, जिची चर्चा प्रशिक्षण वर्गांत होत नाही. नोकरी लागल्यानंतर कार्यालयाचे रात्रीचे भोजन असते. कंदमुळे वर्ज्य, कित्येकांना रात्रिभोजनाचा त्याग. काही मुले यामुळे जाणेच टाळतात आणि हळूहळू सहकाऱ्यांत परकी होतात. काही जण जातात व ताटावरून प्रवचन सुरू करतात. दोन्ही टाळता येते. दोन दिवस आधी आयोजकाला एक ओळ कळवावी, शक्य असेल तर सूर्यास्तापूर्वी घरी जेवून जावे, तेथे पाणीही चालत नसेल तर हसून नकार द्यावा, कारण विचारले तर एका वाक्यात सांगावे आणि लगेच समोरच्याच्या कामाची चौकशी करावी. शेजारच्याच्या ताटाकडे पाहून तोंड वाकडे करणे मात्र व्रतात बसत नाही. नियम स्वतःसाठी असतो आणि तो ठामपणे पाळणाऱ्याबद्दल बहुतेकांना आदरच वाटतो.

२०२० च्या टाळेबंदीनंतर पुष्कळ मुलाखतींची पहिली फेरी संगणकावर किंवा मोबाईलवर घेतली जाते. यासाठी पुण्याचे भाडे पडत नाही, ही गोष्ट सामान्य कुटुंबाच्या हिताचीच झाली. उजेड चेहऱ्यावर समोरून यावा. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळवंडतो. मोबाईल हातात न धरता पुस्तकांच्या चळतीवर, डोळ्यांच्या उंचीवर टेकवावा. वरती सदरा आणि खाली लुंगी असा वेश करणारे आहेत; एखादा कागद घेण्यासाठी उठावे लागले की फजिती होते. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून मोबाईल पूर्ण भारित ठेवावा. आणि या अर्ध्या तासापुरता शिष्टाचार उमेदवाराइतकाच घरातल्यांनाही लागू होतो. आजोबांनी दूरदर्शन संच बंद ठेवावा, लहानग्यांना शेजारी पाठवावे आणि स्वयंपाकघरात कुकर त्यानंतरच चढवावा.