टोरोंटोचे तीन वादक

लोकांना जें रुचतें तें द्यावें, कीं आपल्या मनाला जें पटतें तेंच करावें, हा प्रश्न प्रत्येक कलावंतापुढें केव्हां ना केव्हां उभा राहतो. बहुतेकांच्या आयुष्यांत तो हळूहळू येतो आणि त्याचें उत्तरही नकळत दिलें जातें. कॅनडांतील 'रश' या रॉक संगीताच्या मेळापुढें मात्र तो १९७५ सालच्या अखेरीस अगदीं रोखठोक स्वरूपांत उभा राहिला. उत्तर चुकलें असतें तर मेळ मोडला असता आणि त्यांतील तिन्ही तरुणांना पोटासाठीं दुसरा उद्योग पाहावा लागला असता. त्यांनीं जें उत्तर दिलें त्यानेंच त्यांचें नांव पुढें जगभर झालें. म्हणून ज्यांना रॉक संगीताची गोडी नाहीं त्यांनींही ही हकीगत ऐकण्यासारखी आहे.

'रश' या शब्दाचा अर्थ घाई किंवा मुसंडी. या नांवाच्या मेळाचा पहिला कार्यक्रम १९६८ सालच्या सप्टेंबरांत टोरोंटोच्या विलोडेल या उपनगरांत, एका चर्चच्या तळघरांत चालणाऱ्या कॉफीगृहांत झाला. गिटार वाजविणारा ॲलेक्स लाइफसन आणि ड्रम वाजविणारा जॉन रट्सी हे प्रथमपासूनचे सोबती. बेस गिटार वाजविणारा आणि गाणारा गेडी ली हा लवकरच त्यांना येऊन मिळाला. ॲलेक्स आणि गेडी त्या वेळीं अवघे पंधरा वर्षांचे होते.

दोघेही परदेशांतून आलेल्या कुटुंबांतले. ॲलेक्सचे आईबाप युगोस्लावियांतून आलेले सर्ब. त्यांच्या मूळ आडनांवाचा अर्थ 'जीवनाचा पुत्र', आणि लाइफसन हें त्याचेंच इंग्रजी रूपांतर. गेडीचे आईबाप पोलंडांतील ज्यू. दुसऱ्या महायुद्धांत नाझींनीं त्यांना आउशवित्झच्या छळछावणींत डांबलें. पुढें दोघांची ताटातूट झाली. तिला बर्गन-बेल्सनला नेलें, त्याला डाखाउला. युद्ध संपल्यावर त्यानें तिला शोधून काढलें, तेथेंच दोघांनीं लग्न केलें आणि मग कॅनडाची वाट धरली. त्यांच्या मुलाचें नांव गॅरी. पण आईच्या पोलिश वळणाच्या उच्चारांत तें 'गेडी' असें ऐकूं येई, आणि मित्रांनीं तेंच उचललें. मुलगा बारा वर्षांचा असतांना बाप वारला. आईनें दुकान चालवून तीन मुलें वाढविलीं. एवढें सोसलेल्या बाईच्या मुलानें शाळा सोडून गिटारीच्या नादीं लागावें, हें तिला कसें रुचावें? पण मुलगा ऐकेना.

पहिलीं वर्षें शाळांच्या मेळाव्यांत वाजविण्यांत गेलीं. १९७१ सालीं ऑन्टेरिओ प्रांतानें मद्यपानाची वयोमर्यादा एकवीसवरून अठरावर आणली, तेव्हां टोरोंटोच्या मद्यगृहांचीं दारें या पोरांना उघडलीं आणि रोज रात्रीं वाजविण्याची तालीम मिळूं लागली. तरीही ध्वनिमुद्रिका काढावयास कोणतीच कंपनी पुढें येईना. शेवटीं मेळाच्या व्यवस्थापकांनीं 'मून' नांवाची स्वतःचीच छोटी कंपनी काढली. रात्रीं स्टुडिओचें भाडें स्वस्त पडे, म्हणून मद्यगृहांतील कार्यक्रम संपल्यावर अपरात्रीं मुद्रण चाले. अशा रीतीनें पहिली ध्वनिमुद्रिका १९७४ सालीं बाहेर पडली. त्या वेळीं कॅनडाच्या रेडिओ केंद्रांवर ठराविक प्रमाणांत स्वदेशी संगीत वाजविण्याचें सरकारी बंधन होतें. पण या मुलांचें दैव उघडलें तें सरहद्दीपलीकडच्या एका परक्या केंद्रानें.

अमेरिकेंतील क्लीव्हलंड हें पोलाद आणि कारखाने यांचें शहर. तेथील 'डब्ल्यू. एम. एम. एस.' या रेडिओ केंद्रावर डोना हॅल्पर नांवाची बाई नव्या मुद्रिकांची निवड करीत असे. टोरोंटोहून तिच्याकडे रशची मुद्रिका आली. तिनें त्यांतलें 'वर्किंग मॅन' हें सात मिनिटांचें गाणें निवडलें. सकाळीं कामावर जावें, सायंकाळीं थकून परतावें आणि आयुष्य असेंच निघून जात आहे याची हुरहुर लागावी, एवढाच त्याचा विषय. कामगारांच्या त्या शहरांत तें गाणें वाजतांच केंद्राचे टेलिफोन घणघणूं लागले. हे कोण, मुद्रिका कोठें मिळेल, असें जो तो विचारूं लागला. ही वार्ता 'मर्क्युरी' या मोठ्या अमेरिकन कंपनीच्या कानीं गेली आणि तिनें रशशीं करार केला.

पण दौरा तोंडावर आला असतांना जॉन रट्सी मेळांतून बाहेर पडला. त्याला मधुमेह होता, आणि मेळ ज्या वाटेनें जाऊं पाहत होता ती त्याला मानवत नव्हती. त्याच्या जागीं २९ जुलै १९७४ रोजीं नील पिअर्ट हा तरुण आला. तो सेंट कॅथरिन्स येथें वाढलेला, वडिलांच्या शेती-यंत्रांच्या सुट्या भागांच्या धंद्यांत काम करणारा. त्यापूर्वीं नशीब काढण्यासाठीं तो लंडनला गेला होता आणि निराश होऊन परतला होता. आतां मेळांत शिरल्यापासून अवघ्या सोळा दिवसांत त्याला पिट्सबर्ग येथें अकरा हजार श्रोत्यांपुढें बसावें लागलें. हा मनुष्य विलक्षण वाचणारा होता. गाण्यांचीं पदें लिहिण्याचा ॲलेक्सला व गेडीला कंटाळा असे; त्यांनीं तें काम आनंदानें त्याच्या गळ्यांत घातलें. तेव्हांपासून चाली त्या दोघांच्या आणि शब्द पिअर्टचे, अशी वांटणी ठरून गेली.

पिअर्टच्या येण्यानें मेळाची महत्त्वाकांक्षा वाढली. १९७५ सालच्या 'केरेस ऑफ स्टील' या तिसऱ्या मुद्रिकेची दुसरी बाजू त्यांनीं एकाच वीस मिनिटांच्या गाण्याला दिली. मुद्रिका खपली नाहीं. सभागृहें लहान होऊं लागलीं आणि श्रोते विरळ झाले. स्वतःच्या दौऱ्याला त्यांनीं थट्टेनें जें नांव दिलें त्याचा अर्थ 'सर्वनाशाकडे' असाच होता. कंपनीचें म्हणणें स्पष्ट होतें: लांबलचक कथा पुरे झाल्या, रेडिओवर वाजतील अशीं तीन-चार मिनिटांचीं सुटसुटीत गाणीं द्या. कंपनीचेंही अगदींच चुकत होतें असें नाहीं, कारण पैसा तिचा गुंतला होता. इकडे तिघांनीं आपसांत विचार केला. बुडावयाचेंच असेल तर आपल्या मनासारखें वाजवून बुडावें, असें ठरलें. पिअर्टनें तर वडिलांच्या यंत्रांच्या धंद्यांत परत जाण्याची मनाची तयारी करून ठेवली होती.

त्या निर्णयांतून १९७६ सालीं '२११२' ही मुद्रिका निघाली. तिची पहिली बाजू पुन्हां एकाच गाण्यानें व्यापलेली होती, आणि तें गाणें वीस मिनिटांहून अधिक लांब होतें! त्यांतील कथा अशी: इ. स. २११२ मध्यें सर्व ग्रहांवर पुरोहितांची सत्ता आहे. लोकांनीं काय वाचावें, काय ऐकावें, हें तेच ठरवितात. एका मनुष्याला धबधब्यामागच्या गुहेंत एक जुनें वाद्य सांपडतें. तें गिटार आहे हें त्याला ठाऊकही नसतें. पण तारा छेडतां छेडतां त्याला स्वतःचें संगीत सांपडतें. मोठ्या आनंदानें तो तें पुरोहितांपुढें नेतो, आणि ते तें वाद्य पायांखालीं चिरडून टाकतात. शेवटीं तो मनुष्य निराशेनें प्राण देतो. हे पुरोहित कोणावरून सुचले असतील, हें कंपनीच्या कचेरींतील मंडळींना वेगळें सांगण्याची गरज नव्हती.

जें घडलें तें कोणाच्याच हिशेबांत नव्हतें. रेडिओवर बसण्याजोगें तें गाणें नव्हतें. पण एका तरुणानें दुसऱ्याला ऐकवावें, दुसऱ्यानें तिसऱ्याला, असें करतां करतां मुद्रिका खपूं लागली. त्याच वर्षीं जूनमध्यें टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्यें त्यांचे तीन रात्रीं कार्यक्रम झाले. '२११२' च्या एकट्या अमेरिकेंत पुढें तीस लाख प्रती गेल्या. त्यानंतर रशनें काय वाजवावें, हें सांगण्याच्या भानगडींत कंपनी पडली नाहीं.

या यशाला एक कडवट घोटही मिळाला. '२११२' च्या वेष्टनावर पिअर्टनें आयन रँड या लेखिकेचें ऋण मान्य केलें होतें. तेवढ्यावरून १९७८ सालीं एका इंग्रजी साप्ताहिकानें या मेळावर फॅसिस्ट विचारांचा आरोप केला. ज्याचे आईबाप छळछावणींतून वांचून आले त्या गेडीला हा घाव किती खोल लागला असेल, याची कल्पना करावी. पुढें १९८४ सालीं मेळानें 'रेड सेक्टर ए' हें गाणें काढलें; त्याच्यामागें गेडीच्या आईनें सांगितलेली बर्गन-बेल्सनच्या मुक्ततेची आठवण होती. आरोपाला याहून चांगलें उत्तर तें कोणतें?

रेडिओशीं या मेळाचें नातें मात्र मोठें चमत्कारिक. रेडिओनेंच त्यांना वर आणलें, आणि रेडिओच्या सोयीसाठीं गाणीं तोडण्याचें त्यांनीं नाकारलें. १९८० सालीं त्यांनीं रेडिओवरच गाणें रचलें. टोरोंटोजवळच्या 'सी. एफ. एन. वाय.' या केंद्रावर त्या काळीं वादकांच्या व निवेदकांच्या आवडीचें संगीत मोकळेपणानें वाजत असे. त्या केंद्राच्या ब्रीदावरून गाण्याला 'द स्पिरिट ऑफ रेडिओ' असें नांव मिळालें. आकाशांतून येणाऱ्या सुरांचें कौतुक आणि त्या सुरांना लागणाऱ्या व्यापाराच्या बाधेची खंत, अशा दोन्ही गोष्टी त्यांत आहेत. गंमत अशी कीं, पांच मिनिटांचें हें गाणें रेडिओ केंद्रांनीं उचलून धरलें. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९८१ सालीं, क्वेबेकच्या मॉरिन-हाइट्स येथें मुद्रित झालेली 'मूव्हिंग पिक्चर्स' ही मुद्रिका कॅनडांत पहिल्या क्रमांकावर आणि अमेरिकेंत तिसऱ्या क्रमांकावर गेली. लहान गाणीं त्यांनीं रचलीं खरीं, पण तीं स्वतःला वाटलें तेव्हां.

कीर्ति मिळाल्यावर पुष्कळांचा अभ्यास सुटतो. पिअर्टचें तसें झालें नाहीं. १९९४ च्या सुमारास, जगांतील थोर ड्रमवादकांत ज्याची गणना होत होती अशा त्या बेचाळिशीच्या मनुष्यानें फ्रेडी ग्रूबर या वयोवृद्ध शिक्षकाचें शिष्यत्व पत्करलें आणि हातांत कांडी धरण्यापासून पुन्हां धडे घेतले. १९९६ सालीं तिघांनाही 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा राष्ट्रीय सन्मान जाहीर झाला. एखाद्या रॉक मेळाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आणि मग आभाळ कोसळलें. १९९७ सालच्या ऑगस्टमध्यें पिअर्टची एकोणीस वर्षांची एकुलती मुलगी मोटार अपघातांत गेली. दहा महिन्यांनीं पत्नीही कर्करोगानें गेली. मला आतां निवृत्त समजा, एवढें सोबत्यांना सांगून तो मोटारसायकलवर बसून निघाला. कॅनडा, अलास्का, मेक्सिको असा सुमारें ८८,००० किलोमीटर तो एकटा भटकला. या काळांत गेडी व ॲलेक्स यांनीं काय केलें? दुसरा ड्रमवाला आणून रशचें नांव चालविणें त्यांना सहज शक्य होतें. त्यांनीं तें केलें नाहीं, आणि पिअर्टवर परतण्याची बळजबरीही केली नाहीं. ते थांबले. २००१ सालीं तो आपण होऊन परतला, आणि २००२ सालीं 'व्हेपर ट्रेल्स' ही मुद्रिका निघाली. बाजाराचें न ऐकण्याचें धैर्य १९७६ सालीं दिसलें होतें. मित्रासाठीं बाजार सोडून बसण्याचें धैर्य या चार वर्षांत दिसलें.

समीक्षकांनीं या मेळाची फार वर्षें उपेक्षा केली. गेडीचा उंच पट्टींतला आवाज आणि पिअर्टचीं विचारगर्भ पदें त्यांना हास्यास्पद वाटत. अमेरिकेच्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' मध्यें त्यांना २०१३ सालीं स्थान मिळालें, तेव्हां पहिल्या मुद्रिकेला एकूणचाळीस वर्षें लोटलीं होतीं. १ ऑगस्ट २०१५ रोजीं लॉस एंजेलिसजवळील फोरम या सभागृहांत तिघांचा अखेरचा कार्यक्रम झाला. पिअर्ट आपल्या वाद्यांमागून उठून पुढें कधीं येत नसे. त्या रात्रीं तो आला आणि त्यानें दोन्ही मित्रांना मिठी मारली.

पुढच्याच वर्षीं त्याला मेंदूचा कर्करोग झाल्याचें कळलें. साडेतीन वर्षें त्यानें आजार सोसला. त्याची इच्छा होती म्हणून मित्रांनीं जगापुढें त्याचा एक शब्दही काढला नाहीं. ७ जानेवारी २०२० रोजीं तो वारला. गेडी व ॲलेक्स यांनीं पुन्हां दौऱ्यावर जाण्याचें जाहीर केलें तें थेट २०२५ सालच्या ऑक्टोबरांत. २०२६ च्या त्या दौऱ्यासाठीं त्यांनीं आनिका निलेस या जर्मन ड्रमवादिकेची निवड केली, आणि पिअर्टच्या मागें राहिलेल्या पत्नीनें व मुलीनें त्या निर्णयाला प्रसन्न मनानें पाठिंबा दिला.

चर्चच्या तळघरांत पंधराव्या वर्षीं एकत्र आलेले ते दोघे अशा रीतीनें सत्तरी ओलांडल्यावरही एकत्रच आहेत. मध्यंतरींच्या काळांत त्यांनीं पैसा मिळविला, कीर्तिही मिळविली. पण त्या दोहोंपैकीं कोणतीही हातची जाण्याची वेळ आली तेव्हां त्यांनीं आधीं आपलें संगीत आणि आपला मित्र यांच्याकडे पाहिलें.