नियोजनाच्या आज्ञावलीची जुनी व नवी आवृत्ती
(जालना एमआयडीसी परिसरातील शाळांच्या मुख्याध्यापकांपुढे केलेले भाषण)



येथील पोलादाच्या कारखान्यांत भंगार वितळल्यावाचून बिलेट होत नाही आणि बिलेट तापविल्यावाचून सळई होत नाही. एक काम दुसऱ्याच्या खांद्यावर उभे असते. वर्गखोलीच्या बांधकामाचेही तसेच आहे, आणि संगणकावरील ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’ ही आज्ञावली हीच साखळी पडद्यावर मांडते. ती प्रथम 1984 साली निघाली. पुढे तिच्या कितीतरी आवृत्त्या झाल्या. आपणांस विशेष विचार करावयाचा आहे तो 2007 आणि 2010 या दोन आवृत्त्यांचा.

2003 च्या आवृत्तीत केवळ शेवटची एकच चूक मागे घेता येई. 2007 मध्ये अनेक चुका ओळीने मागे घेता येऊ लागल्या. नवशिक्यास हा मोठाच दिलासा होता. परंतु खरा फरक 2010 मध्ये पडला. त्यापूर्वी एका कामाची तारीख बदलली की त्यावर अवलंबून असलेली पुढील कामे आपोआप सरकत. 2010 पासून नवीन काम लिहिताच ते ‘हाताने ठरविलेले’ धरले जाते, व त्याची तारीख आपण बदलल्यावाचून हलत नाही. विसंगती झाल्यास तारखेखाली लाल नागमोडी रेघ उमटते, इतकेच.

एका शाळेत स्लॅब 2 मे रोजी पडावयाचा होता. तो पाण्याअभावी 6 मे रोजी पडला. साडेचार मीटरांहून मोठ्या गाळ्याखालील टेकू चौदा दिवस काढावयाचे नसतात. म्हणजे ते 20 मे रोजी निघावयास हवे होते. परंतु आमच्या तक्त्यात 16 मे हीच तारीख राहिली. लाल रेघ आम्ही कोणीच पाहिली नाही. तक्ता मीच तयार केला होता, हे येथे सांगितले पाहिजे. सेंटरिंगच्या मिस्त्रीने हत्यार उचलण्यापूर्वी सहज विचारले, “साहेब, स्लॅब कोणत्या तारखेला पडला?” त्या प्रश्नाने ती छत वाचली.

म्हणून नवी सोय टाकाऊ आहे असे मात्र नव्हे. निधी मंजूर नसेल तेथे तारखेच्या जागी ‘जूनचा पहिला आठवडा’ असे शब्दही लिहिता येतात. जुनी आवृत्ती ते घेत नसे. मात्र नव्या आवृत्तीतील फाईल जुन्या स्वरूपात साठविली, तर हाताने ठरविलेली कामे स्वयंचलित होतात व तारखा सरकू शकतात. अभियंत्याकडे कोणती आवृत्ती आहे हे विचारूनच फाईल पाठवावी. या दोन्ही आवृत्त्यांचे साहाय्य उत्पादकाने अनुक्रमे 2017 व 2020 साली थांबविले आहे, हेही ध्यानी असावे.

बांधकामाचा तक्ता आरंभिताना खिडकीच्या तळाशी डावीकडे असलेला पर्याय ‘स्वयंचलित’ करावा. आधी लिहिलेली कामे त्यामुळे बदलत नाहीत. ती निवडून स्वतंत्रपणे बदलावी लागतात. आता आपण आपापले तक्ते उघडा. मी प्रत्येकाजवळ येऊन पाहतो.