संकेतस्थळ आणि टपाल यांची सांगड : ग्रामपंचायतीपुढील एक दुर्लक्षित प्रश्न

(भाषणाचा मजकूर)



ठाण्याहून भिवंडीकडे जाताना खाडीवरील पूल ओलांडला की कशेळी लागते. मुंबईची जकात 1 जुलै 2017 रोजी संपुष्टात आली. पण तिच्या काळात भिवंडीभोवती वसलेली गोदामे तेथेच राहिली आणि वाढली. भिवंडी परिसर अधिसूचित क्षेत्रातील 60 गावांत कशेळीची गणना होते. त्यामुळे बांधकामाविषयीचा पत्रव्यवहार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाशी, योजनांविषयीचा पंचायत समितीशी आणि महसुलाचा तहसील कार्यालयाशी करावा लागतो. अशा गावाची आवक-जावक नोंदवही जाडजूड असणे स्वाभाविकच आहे.

आता अशा एखाद्या ग्रामपंचायतीने स्वतःचे संकेतस्थळ उघडले आहे, असे समजा. संकेतस्थळ ठेवण्यासाठी जी भाड्याची जागा मिळते, तिच्याबरोबर सीपॅनल किंवा प्लेस्क यांसारखा नियंत्रण-फलक येतो. संकेतस्थळाच्या फायली, माहितीसाठा आणि टपालपेट्या या सर्वांची व्यवस्था त्या एकाच पडद्यावरून करता येते. पुढे पंचायतीला जाणवते की नुसती टपालपेटी पुरेशी नाही. सरपंचांची मुदत संपते, अधिकाऱ्यांची बदली होते. पत्ता व्यक्तीचा नसून पदाचा असावा लागतो. ग्रामसभेच्या तारखांची सामाईक दिनदर्शिका आणि सर्वांना दिसणारी पत्त्यांची वही हवी असते. ही सोय झिम्ब्रा, सोगो यांसारख्या सामूहिक कामकाजाच्या सर्व्हरवर मिळते. तो सर्व्हर बहुधा दुसऱ्या यंत्रावर असतो, आणि अडचणीस येथूनच प्रारंभ होतो.

एखाद्या पत्त्यावर आलेले पत्र कोणत्या यंत्राकडे न्यावयाचे, हे डोमेनच्या एमएक्स नावाच्या नोंदीवरून ठरते. ही नोंद नव्या सर्व्हरच्या नावे केली की बाहेरून येणारी पत्रे बिनचूक तेथे पोचतात. काम झाले असे सर्वांना वाटते. परंतु संकेतस्थळाचे यंत्र अजूनही स्वतःलाच त्या गावाचे टपाल कार्यालय समजत असते. नागरिकाने तक्रारीचा नमुना संकेतस्थळावर भरला की त्या यंत्राला एमएक्स नोंद पाहण्याची गरजच वाटत नाही; ते पत्र आपल्याच जुन्या पेटीत टाकते. नागरिकाला ‘आपली तक्रार पाठविण्यात आली’ असा संदेश दिसतो. पंचायतीच्या नव्या पेटीत काहीच येत नाही. कोठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही, म्हणून कोणी चौकशीही करीत नाही. नळाला पाणी नाही ही तक्रार महिनोन्‌महिने अशी पडून राहू शकते, आणि दोष मात्र ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या माथी येतो.

यावरील उपाय अगदी छोटा आहे. सीपॅनलमध्ये टपालाचा मार्ग ‘स्थानिक’ ऐवजी ‘दूरस्थ’ असा निवडावा. प्लेस्कमध्ये त्या डोमेनची टपालसेवा बंद करावी. मात्र जुन्या पेट्या पुसण्यापूर्वी त्यांत काय साचले आहे, ते अवश्य पाहावे. दोन्ही कामे एकाच यंत्रावर बसविण्याचा मोह टाळलेला बरा, कारण टपाल स्वीकारण्याचे 25 क्रमांकाचे द्वार एका पत्त्यावर एकाच प्रणालीला धरता येते.

दुसरा मुद्दा विश्वासाचा. एसपीएफ नोंदीत टपाल सर्व्हर आणि संकेतस्थळाचे यंत्र या दोघांचाही उल्लेख हवा. सही तपासणारी डीकेआयएम व्यवस्थाही चालू असावी. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने आपल्या खात्यांकडे पत्रे पाठविणाऱ्यांसाठी या बाबतीतील नियम कडक केले आहेत.

खाती उघडण्याचा अधिकार एकाच ठिकाणी ठेवावा, हे सर्वांत अगत्याचे. फलकावर एक यादी आणि टपाल सर्व्हरवर दुसरी, अशी स्थिती राहिली की काही काळाने दोन्ही याद्या जुळेनाशा होतात. फलकावर खाते उघडताच टपाल सर्व्हरला आज्ञा जाईल अशी जोडणी करता येते. किंवा एलडीएपी पद्धतीची एकच सामाईक नामसूची दोघांना वापरू द्यावी. ग्रामपंचायतीच्या आकारमानाचा विचार करता, फलकावरील टपाल विभाग पूर्ण बंद करून खाती केवळ टपाल सर्व्हरवरच सांभाळणे अधिक सोपे. खाते उघडण्यापेक्षा ते वेळेवर दुसऱ्याच्या स्वाधीन करणे अवघड असते. बदलीचा आदेश निघाला त्याच दिवशी पदाच्या खात्याचा परवलीचा शब्द बदलला पाहिजे; कार्यभाराच्या यादीत शिक्के आणि चाव्या यांच्या जोडीला ही नोंद असावी.

पत्ता आणि यंत्र वेगळे ठेवल्याचा लाभ केंद्र शासनाच्या उदाहरणावरून दिसतो. 1976 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या टपालव्यवस्थेवरील सुमारे 12 लाख खाती झोहोच्या व्यवस्थेवर नेल्याचे 2025 मध्ये जाहीर झाले. यंत्रणा बदलली, शासकीय डोमेन तेच राहिले.

जोडणी झाल्यावर तपासणी दोन बाजूंनी करावी. एक पत्र बाहेरच्या खात्यावरून पाठवावे आणि एक तक्रार संकेतस्थळाच्या नमुन्यातून. दोन्ही नव्या पेटीत दिसली तरच काम पुरे समजावे. जुन्या पेटीत सापडलेले अर्ज मूळ तारखेसह आवक नोंदवहीत चढवून अर्जदारांना त्याच आठवड्यात पोच द्यावी.