डब्यात काय आहे, हे कोणाला ठाऊक?

(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



रेल्वे अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळा उभ्या राहतात. आज मी बोलणार आहे ते एका कागदाविषयी. मालगाडीच्या कोणत्या डब्यात काय भरले आहे, याची क्रमवार यादी त्यावर असते.

३ फेब्रुवारी २०२३. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन हे जेमतेम पावणेपाच हजार वस्तीचे गाव. रात्री नऊच्या सुमारास चाकाचे बेअरिंग तापून नॉरफोक सदर्न कंपनीच्या मालगाडीचे ३८ डबे घसरले. त्यांतील ११ टाक्यांत घातक रसायने होती. पाच टाक्यांत विनाइल क्लोराइड. त्याचा संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेला क्रमांक १०८६. आपल्या महामार्गांवरील गॅसच्या टँकरवर १०७५ हा आकडा दिसतो ना, त्याच पद्धतीतला. आकडा वाचता आला, तर अग्निशामकाला निम्मी माहिती मिळते. पण येथे टाक्यांवरचे फलकच आगीत वितळले होते. इंजिने आगीपासून दूर नेण्यात आली, हे योग्यच झाले. मात्र यादीही त्यांच्याबरोबर गेली. कंपनीकडून ती हाती पडेपर्यंत बराच काळ लोटला. धावून आलेले बहुतांश अग्निशामक स्वयंसेवक होते आणि आपण कशाशी झुंजतो आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हते. या विलंबामुळे त्यांचा व नागरिकांचा धोका विनाकारण वाढला, असा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने काढला आहे.

पत्रकार म्हणून मला याहून अस्वस्थ करतो तो पुढचा प्रसंग. टाक्यांत रासायनिक अभिक्रिया सुरू झाली असून स्फोट होईल, असे कंपनीने व तिच्या कंत्राटदारांनी सांगितले. स्थानिक अग्निशमन प्रमुखाला निर्णयासाठी मिळाली अवघी १३ मिनिटे. ६ फेब्रुवारीला पाचही टाक्यांना छिद्रे पाडून रसायन जाळण्यात आले. आता, ते रसायन बनविणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञांचे मत काय होते? अशी अभिक्रिया सुरूच नाही! टाकीचे तापमानही उतरणीला लागले होते. हे मत ज्याच्या शिरावर निर्णय होता, त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही. ते जाळणे अनावश्यक होते, असे मंडळाने जून २०२४ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे माहिती होती, माणसेही जवळच होती. मधली कडी कोणीतरी गाळली. त्या प्रमुखाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

त्याच महिन्यात अमेरिकेत नवा नियम जाहीर झाला. धोकादायक मालाची यादी रेल्वे कंपन्यांनी संगणकीय स्वरूपात अद्ययावत ठेवावी आणि अपघात होताच मागणीची वाट न पाहता आपत्कालीन यंत्रणेला कळवावी, असा त्याचा आशय आहे. नियम चांगला आहे. माझी शंका एवढीच, की रात्री जेवणाच्या ताटावरून उठून थेट आगीकडे धावणाऱ्या स्वयंसेवकाच्या हाती ती यादी नेमकी कोण देणार?